मोड आणि घडणावळ

घरातील जुने भांडे विकावयास काढले म्हणजे दुकानदार ते प्रथम तराजूत घालतो. ते कोणी घडविले, किती पिढ्यांनी वापरले, त्याच्या काठावरील वेल कोणत्या कारागिराच्या हातची, ह्यांपैकी कशाचीही तो चौकशी करीत नाही. वजनाला त्या दिवसाच्या धातूच्या भावाने गुणून जी रक्कम येते ती तो पुढे करतो. ह्या हिशेबास आपल्याकडे मोड म्हणतात. उलट, नवे भांडे किंवा नवा दागिना घेताना धातूच्या किमतीवर आणखी काही द्यावे लागते, ती घडणावळ. वस्तू घेताना घडणावळ द्यावी लागते आणि तीच वस्तू मोडावयास नेली की ती घडणावळ बुडते, हा नियम अर्थशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता घरोघरच्या बायकांना पाठ असतो. किंबहुना हा व्यवहार आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की, जुन्या चालीरीती, जुनी माणसे आणि जुन्या विद्या ह्यांच्याविषयी बोलतानाही त्या ‘मोडीत निघाल्या’ असेच आपण म्हणतो.

अलीकडे मात्र ह्या नियमास उलटा चालविणारा एक लहानसा धंदा आपल्या शहरांतून व गावांतून दिसू लागला आहे. जुनी किटली, कंदील, घंगाळ, पानाचा डबा, लाकडी पेटी अशा वस्तू मोडीच्या भावाने घ्यावयाच्या, त्या घासूनपुसून दुरुस्त करावयाच्या, त्यांवर चित्र काढून किंवा त्यांस नव्या उपयोगाला लावून मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकावयाच्या, असा हा उद्योग आहे. इंग्रजी भाषेने त्यास अपसायकलिंग असे नाव दिले आहे. हा शब्द फार जुना नव्हे. राइनर पिल्झ नावाच्या एका जर्मन अभियंत्याने १९९४ साली तो वापरला, तेव्हापासून तो रूढ होत गेला. मोडलेल्या घराच्या विटांचा चुरा करून तो रस्त्यात भरणे म्हणजे वस्तूची प्रत खाली नेणे होय. जुन्याची प्रत वर गेली पाहिजे, असा त्या शब्दाचा आशय आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, मोडीच्या वस्तूवर नव्याने घडणावळ चढविणे म्हणजे हा धंदा.

ह्या धंद्याचा पूर्वेतिहास पाहावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. त्यासाठी आम्ही पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत. इतर ठिकाणी जो प्रश्न पैशाच्या व हौसेच्या गर्दीत झाकून जातो तो ह्या मुलखात उघडा दिसतो. प्रश्न असा की, जुन्या वस्तूवर ही जी नवी घडणावळ चढते, ती कोणाच्या हातची आणि कोणाच्या पदरात पडते?

प्रथम जुन्या संसाराकडे पाहू. आपल्या पूर्वजांच्या घरी वस्तू टाकण्याची सोय अशी फारशी नव्हतीच. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाला भाता घेऊन अंगणात बसे, भांडे तापवून त्यावर नवसागर फिरवी आणि कथलाचा हात देऊन ते चांदीसारखे पांढरे करून देई. भांड्यास भोक पडले तर डाक लावीत, कड फाटली तर तांबट ती ठोकून देई. लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी होई, आणि जी गोधडीसही उपयोगी पडत नसत ती वस्त्रे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे भांडे येई. आज कोणी ह्या सर्वांस काटकसरीची कला म्हणतात, परंतु ते केवळ अर्धसत्य आहे. ही काटकसर बहुधा गरजेपोटी होती. जिच्याजवळ दुसरे लुगडे नव्हते ती स्त्री विरलेले लुगडे हौसेने सांधीत नव्हती. तथापि एक गोष्ट खरी की, ह्या व्यवस्थेत दुरुस्ती करणाऱ्या हातास काम होते आणि त्या कामाचा दर ठरलेला होता. कल्हईवाल्याशी दोन पैशांसाठी घासाघीस होई, पण कल्हई फुकट करून दे असे त्यास कोणी म्हणत नसे.

ही घडी कशी मोडली हेही पाहण्यासारखे आहे. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेतील आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी अल्युमिनियमची भांडी करण्याचा प्रयोग आरंभिला. पुढे ही हलकी, स्वस्त आणि कल्हई न लागणारी भांडी देशभर पसरली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांच्या मागोमाग स्टेनलेस स्टील आले. त्या चकाकीपुढे पितळी पातेली ओशाळली. आमच्या लहानपणी आमच्या घरचे एक मोठे घंगाळ असेच मोडीत गेले. आमच्या आजीच्या माहेरून ते आलेले, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत तिचे नाव घातलेले होते. मोडीच्या पैशांत स्टीलचे डबे आले. सर्वांना आनंद झाला आणि आजीही काही बोलली नाही. केवळ भांडे नेताना दुकानदाराच्या माणसास ‘जरा हळू धर रे बाबा’ एवढे म्हणाली. पुढे कित्येक वर्षांनी एका शहरातील दुकानात अगदी तशाच घंगाळात कमळाची पाने लावलेली पाहिली. किंमत विचारली तेव्हा मोडीचा व्यवहार आठवून आम्ही गप्प राहिलो. त्या घंगाळावरही कोणा दुसऱ्या घरच्या स्त्रीचे नाव होते. मात्र ज्या तांबटाने ते ठोकून घडविले त्याचे नाव कोठेही नव्हते. आपल्याकडे भांड्यावर मालकाचे नाव घालतात, घडविणाराचे घालीत नाहीत, ही साधी गोष्ट तोवर आमच्या ध्यानी आली नव्हती.

मोडीचा नियम न मानणारा एक गृहस्थ मात्र महाराष्ट्रात ह्याच्या पुष्कळ आधी होऊन गेला. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवितेत ‘अज्ञातवासी’, ह्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. इतर संग्राहक नाणी, ताम्रपट, तलवारी ह्यांच्या मागे असत; केळकर अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, दारांच्या चौकटी गोळा करीत गावोगाव हिंडले. वजनाने ज्यांची किंमत चार आणे तिला त्यांनी कलेच्या दृष्टीने पाहिले. हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यास दिले. केळकरांनी धंदा केला नाही. परंतु अडकित्ता हा केवळ लोखंडपितळ नव्हे, त्यात कोणाचा तरी हात आणि कोणाची तरी कल्पना आहे, हे त्यांनी मराठी मध्यम वर्गास दाखवून दिले. ही दृष्टी आधी आली नसती तर आजच्या दुकानदारास गिऱ्हाईक मिळाले नसते, असे आम्हांस वाटते.

परदेशांतही हा विचार निरनिराळ्या मार्गांनी आलेला आहे. फुटलेला चहाचा वाडगा लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड बसविण्याची कला जपानात कित्येक शतकांची आहे. तेथे वस्तूचा भंग लपवीत नाहीत, उलट त्यासच शोभा आणतात. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कापडाची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली सरकारनेच जुने कपडे सांधून-उलटवून वापरण्याची पुस्तिका काढली. पहिल्या उदाहरणात सौंदर्याची ओढ आहे, दुसऱ्यात टंचाईची. आपल्याकडील नव्या धंद्यात ह्या दोहोंचे मिश्रण आहे. फरक एवढाच की, येथे सौंदर्याची ओढ विकत घेणाराची आणि टंचाई बहुधा रंगविणाराची असते.

आता डहाणूकडे वळू. मुंबईहून उत्तरेस जाणाऱ्या लोहमार्गावर डहाणू रोड स्टेशन लागते. पश्चिमेस समुद्रकाठची जुनी वस्ती आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या. ह्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. पूर्वेस डोंगर, जंगल आणि वारल्यांचे पाडे. तलासरी ह्याच पट्ट्याच्या उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेला लागून आहे. पूर्वी हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. किनाऱ्यावरील वाड्यांतून पारशी, इराणी, गुजराती आणि मराठी कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची घरे आहेत. घराच्या वाटण्या झाल्या किंवा मुले परगावी गेली म्हणजे अशा घरांतून काचेच्या हंड्या, शिसवी पेट्या, पितळी बंब आणि किटल्या बाहेर पडतात, हे कोणत्याही जुन्या गावाप्रमाणे येथेही व्हावयाचेच. म्हणजे मोडीचा माल किनाऱ्यावर आणि त्यावर चढावयाची घडणावळ डोंगरात, अशी ह्या मुलखाची मांडणी आहे. दोहोंमधील अंतर थोड्या मैलांचेच, परंतु इतिहासाने ते फार लांब करून ठेवले होते.

वारल्यांच्या घरात जुनी म्हणून जपावी अशी वस्तू थोडी. कुडाच्या भिंतीस माती-शेणाचा गिलावा, बांबूच्या टोपल्या, मातीची मडकी आणि वाळविलेले भोपळे. ह्या भोपळ्याचीच गोष्ट पाहा. तो पोखरून वाळविला म्हणजे पाण्याचे किंवा ताडीचे भांडे होते. त्यालाच बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण जोडले म्हणजे तारपा हे वाद्य होते व त्याभोवती रात्रभर नाच चालतो. भाजीच्या वेलावरील एका फळाची प्रत ह्याहून वर ती किती न्यावयाची? परंतु ह्या घरची सर्वांत मोलाची वस्तू भिंतीवर असे, आणि ती टिकण्यासाठी केलेलीच नसे. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणे, आणि चौकावाचून लग्न लागत नसे. पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. पुढच्या लग्नास पुढचा चौक. ज्या कलेस आज आपण वारली चित्रकला म्हणतो तिची मूळ घडणावळ अशी बिनपैशाची व बिननावाची होती.

परंतु त्याच लग्नाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फिटेपर्यंत नवऱ्यामुलाने व त्याच्या बायकोने जमीनदाराच्या घरी राबावे लागे. अशा माणसास लग्नगडी म्हणत. कर्ज पुष्कळदा जन्मभर फिटत नसे. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी १९३८ साली आदिवासी भागांची जी पाहणी केली तीत वेठ व कर्जाची गुलामगिरी ह्यांची हकीकत सरकारी भाषेतही अंगावर काटा आणणारी आहे. म्हणजे ज्या भिंतीवर सुखाचा चौक लिहिला जाई तिच्याच आड नव्या जोडप्याच्या श्रमाची किंमत शून्यावर येत असे. मोडीच्या तराजूत धातूस तरी भाव होता. येथे माणसाच्या हातास तोही नव्हता.

ह्या दृष्टीने १९४५ हे साल ह्या मुलखाच्या इतिहासात मोठे होय. त्या वर्षी २३ मे रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या आणि आज तलासरीत मोडणाऱ्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते तिच्या मागे होते. वेठ करावयाची नाही, आणि रोजी बारा आणे रोकड मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर कामास जावयाचे नाही, असे तेथे ठरले. पुढे गवतकापणीच्या दराचा संप झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबारात जेठ्या गांगड व इतर वारली प्राणास मुकले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ही हकीकत १९७० साली लिहून ठेवली आहे. बारा आण्यांच्या त्या मागणीस आज अर्थशास्त्रज्ञ किमान वेतन म्हणतील. आम्ही तिला हाताच्या कामाची घडणावळ मागण्याचा ह्या मुलखातील पहिला मोठा उच्चार म्हणतो.

त्याच १९४५ साली ह्याच परिसरात आणखी एक गोष्ट घडली. ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने परदेशी धर्तीची व महाग. खेड्यातील बालवाडीस ती परवडणार कशी? तेव्हा ह्या बायांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, मातीच्या वस्तू अशा परिसरात सहज सापडणाऱ्या जिनसांतून शिक्षणाची साधने तयार केली. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याची, म्हणजे अंगणवाडीची, कल्पना तेथे वाढली. समुद्रकाठी पडलेल्या शिंपल्यास बाजारात मोल नाही, परंतु मुलाने त्यावर मोजणी शिकली म्हणजे त्यास मोल येते. टाकाऊ वस्तूस वर नेणारी गोष्ट पैसा नसून बुद्धी व हात आहे, ह्याचा इतका निर्मळ दाखला आमच्या माहितीत दुसरा नाही.

भिंतीवरील चित्र बाजारात आले ते मात्र ह्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी. बिहारात १९६६–६७ साली दुष्काळ पडला तेव्हा मधुबनीच्या स्त्रियांना कागद देऊन त्यांची भिंतीवरील चित्रे विकाऊ करण्याची योजना पुपुल जयकर ह्यांच्या पुढाकाराने झाली. ती तेथे नेणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी. तेच कुलकर्णी पुढील दशकाच्या आरंभी वारल्यांच्या पाड्यांवर आले. तेथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे ह्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा, आणि आयुष्य गेले डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. म्हणजे हे दोन्ही तालुके त्यांच्या ठायी एक झालेले. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. चौक काढणे हे सवाशिणींचे काम. मशे ह्यांनी ते लग्नाचे निमित्त सोडून रोज, आपल्या मनाच्या विषयांवर काढावयास आरंभ केला. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. बिननावाच्या कलेस त्यांच्यामुळे प्रथम एक नाव मिळाले. मात्र ज्या स्त्रियांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांची नावे त्या नावामागे राहिली, हेही इतिहासाने नमूद केले पाहिजे.

भिंतीवरून कागदावर आलेले चित्र पुढे कापडावर, तेथून मडक्यावर, आणि शेवटी जुन्या किटलीवर व कंदिलावर गेले. कागदी चित्र चौकटीत घालून टांगावे लागते. किटली घरात कोठेही ठेवता येते आणि भेट म्हणूनही देता येते, म्हणून गिऱ्हाईक तिच्याकडे लवकर वळते. काम मात्र वाटते तितके सोपे नाही. जुन्या धातूवरील तेलकटपणा आधी सोड्याने काढावा लागतो, मग काचकागदाने घासून अंग खरखरीत करावे लागते, नाहीतर रंग पापुद्र्याने सुटतो. त्यावर अस्तराचा हात, मग गेरूच्या छटेचा तेलरंग, तो पुरता वाळल्यावर पांढऱ्या रेषा. तांदळाचे पीठ मातीच्या भिंतीस धरते, धातूस धरत नाही. म्हणून येथे बाजारचा पांढरा रंग घ्यावा लागतो. शेवटी रोगण. चित्र दोन त्रिकोणांच्या माणसांचे, परंतु किटलीच्या पोटाच्या गोलाईवर तारप्याचा फेर ओढताना पहिला व शेवटचा नाचणारा नेमके हातात हात देऊन मिळतील असा अंदाज डोळ्यांनी आधीच बांधावा लागतो. ही नजर एका दिवसात येत नाही, आणि तिचेच नाव घडणावळ.

धंदा म्हणून करणाराने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. रंगविलेले भांडे चुलीवर किंवा अन्नासाठी वापरू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. पितळेवर काळाने आलेली सावळी झाक चिंचेने घासून काढली म्हणजे भांडे लखलखते खरे, पण जाणत्याच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत, मग त्यांवर नवे चित्र रंगविणे तर दूरच. आजीच्या किटलीस ह्याची भीती नाही, पणजीच्या आजीच्या समईपुरते मात्र दोनदा विचारावे.

असा धंदा ह्या मुलखास पोषक आहे, ह्याविषयी शंका नाही. केंद्र सरकारच्या १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरला व तेथील उद्योगांवर बंधने आली. तेव्हा धूर न काढता घरबसल्या होणारे हातकाम येथे विशेष मोलाचे. किनाऱ्याच्या चिंचणी-वरोर भागात सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरण्याचा धंदा चालत आला आहे. म्हणजे बारीक कामाची किंमत ह्या तालुक्यास अपरिचित नाही. परंतु किटलीच्या किमतीचे वाटे पाहिले म्हणजे मन घोटाळते. मोडीचे पैसे भंगारवाल्याला रोख मिळतात. दुकानाचे भाडे, प्रवास, नासधूस हे दुकानदार धरतो, ते योग्यच आहे. रंगविणाराचा वाटा मात्र नगाने ठरतो, आणि नग वाढले की दर उतरतो. भरीस आता यंत्राने छापलेली वारली चित्रे चादरींवर, पेल्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर सर्वत्र चिकटविली जातात. ती काढणाराने वारल्याचा पाडा पाहिलेलाही नसतो. वारली चित्रकलेस २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. तिने नावाचे रक्षण होते, परंतु दर काही ठरत नाही. दर ठरवावयाचा तो शेवटी विकणाराने आणि विकत घेणाराने.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. देवीचा चौक जेथे पूजेचा, तेथे तो किटलीवर काढून विकणे हा त्या कलेचा अधःपात नव्हे काय? आमचे उत्तर असे की, तारप्याचा फेर, भातलावणी, ताडावर चढणारा माणूस, ही सर्व चित्रे जगण्याची आहेत. ती कोठेही शोभतात. लग्नाचा चौक ही विधीची वस्तू आहे. तो विकावयाचा की नाही हे ज्यांचा विधी आहे त्यांनीच ठरवावे, आम्ही प्राध्यापकांनी नव्हे. परंतु कला भिंतीवर राहिली असती तर शुद्ध राहिली असती, असे म्हणणारांनी त्या भिंतीआडचा लग्नगडी विसरू नये. ज्या शुद्धतेची किंमत दुसऱ्याच्या दारिद्र्याने द्यावी लागते तिचा आग्रह धरणे आपणांस शोभत नाही.

आमच्या वर्गात पूर्वी शिकलेला एक तरुण तलासरीकडचा आहे. शिक्षण संपल्यावर काही दिवस नोकरी शोधून त्याने हाच धंदा धरला. डहाणूच्या भंगार बाजारातून किटल्या व कंदील आणावयाचे. आई आणि मावशी रंगवितात, तो विकतो. मध्यंतरी तो भेटावयास आला तेव्हा पावतीपुस्तक दाखवून म्हणाला, “सर, पहिल्या वर्षी मी ‘जुनी किटली, एक नग’ एवढेच लिहीत होतो. गिऱ्हाईक म्हणायचे, जुन्या किटलीला एवढे पैसे? आता दोन ओळी लिहितो.” पावतीवर खरोखरच दोन रकाने होते. पहिल्यात किटलीची मोड, दुसऱ्यात चित्राची घडणावळ; आणि दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी वर. “मग आता कटकट मिटली?” असे आम्ही विचारले. तो हसला. “नाही सर. आता ते दुसऱ्या ओळीवरच घासाघीस करतात. पण निदान कशाबद्दल करतात ते तरी त्यांना कळतं. आणि आईलाही कळतं.”

त्याने आणलेली किटली आम्ही घेतली, आणि घासाघीस न करता घेतली हे सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. आमच्या हातून तेवढेच होण्यासारखे होते. घरी आल्यावर ती उलटी करून पाहिली. बुडाशी, जेथे पूर्वी मालकाचे नाव घालीत तेथे, बारीक पांढऱ्या अक्षरांत त्याच्या मावशीचे नाव आणि पाड्याचे नाव होते. अक्षरे थोडी वाकडी आहेत. ती तिने स्वतः लिहिली आहेत.